मंचावर वाजवायला परवडणारी ॲकूस्टिक गिटार: पैसे नेमके कुठे घालायचे

प्रश्न असा आहे: घरी वाजवायला एक साधी ॲकूस्टिक गिटार आहे. आता गायकाबरोबर छोट्या सभागृहांत, कॅफेंमध्ये कार्यक्रम सुरू झाले आहेत. कधी नुसती गिटार आणि गळा, तर कधी सोबत कहोन (वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका), बेस किंवा ड्रम. बजेट मर्यादित आहे, मग कोणती गिटार घ्यावी?

माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, प्लग लावल्यावर कशी वाजते यावरच गिटार पारखा. सभागृहातल्या माणसापर्यंत लाकडाचा आवाज थेट पोचत नाही. पिकअपने पकडलेला, प्रीॲम्पने (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटने) घडवलेला आणि स्पीकरने फेकलेला आवाज पोचतो. शांत खोलीत मांडीवर घेतल्यावर भरदार वाटणारी गिटार मंचावर पत्र्यासारखी वाजू शकते, आणि हातात जरा कोरडी वाटणारी गिटार स्पीकरमधून नेटकी, मोकळी ऐकू येऊ शकते. त्यामुळे घरच्या गिटारचे निकष इथे जसेच्या तसे लावू नका.

परवडणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रो-ॲकूस्टिक गिटारींत पिएझो पिकअप असतो. ब्रिजवर जी पांढरी पट्टी असते, म्हणजे सॅडल, तिच्याखाली खाचेत हा पातळ पट्टीसारखा किंवा वायरीसारखा पिकअप बसवलेला असतो. तारांचा दाब सॅडलमधून त्याच्यावर येतो, तार हलली की दाब बदलतो आणि त्यातून वीज निघते. म्हणजे तो हवेतला आवाज ऐकत नाही, दाब मोजतो. हे लक्षात आलं की त्याच्या बहुतेक खोडी आपोआप समजतात.

पहिली खोड म्हणजे जोरात स्ट्रम केल्यावर येणारा तो टकटकीत, प्लॅस्टिकसारखा आवाज. पिकाचा फटका बसतो त्या क्षणी पिएझोतून फार मोठा झटका निघतो. स्वस्त प्रीॲम्पला तो पेलवत नाही आणि तो आवाजाचं टोक कापतो. उपाय दोन. प्रीॲम्पचा व्हॉल्यूम पूर्ण न उघडता साधारण सत्तर टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचा आवाज मिक्सरवर वाढवा. मग दीड ते तीन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडी कपात करा, तीन-चार डेसिबल पुरतात. प्रीॲम्पवर मिड फ्रिक्वेन्सी हलवायची सोय असेल तर काम सोपं होतं, म्हणून नुसत्या बास-ट्रेबलपेक्षा मिडचा नियंत्रक असलेला प्रीॲम्प निवडा. बॅटरी उतरत आली तरी हाच फाटका आवाज येतो, तेव्हा दोष पिकअपवर टाकण्याआधी बॅटरी बदलून बघा.

दुसरी खोड जास्त त्रासाची, आणि दुकानात नेमकी हीच कोणी तपासत नाही: सहा तारांचा आवाज सारखा नसणं. कानाला मोकळी गिटार ठीक लागते, पण प्लग लावला की चौथी तार ओरडते आणि पहिली हरवते. याचं कारण बहुतेक वेळा पिकअप नसतो, सॅडल असतं. सॅडलचा तळ पूर्ण सपाट नसेल, घासताना मधे फुगीर राहिला असेल, खाचेच्या तळाशी लाकडाचा कचरा राहिला असेल किंवा पिकअपची वायर ज्या भोकातून खाली उतरते तिथे ती उंचावली असेल, तर दाब सगळीकडे सारखा पडत नाही. सॅडल खाचेत फार घट्ट असलं तर ते खाली दाबलंच जात नाही, फार सैल असलं तर तारांच्या ओढीने पुढे कलतं. बोटांनी किंवा पकडीने हलकं ओढून निघेल पण खाचेत डुलणार नाही, इतकंच घट्ट ते असावं. दुरुस्ती करायची तर काचेवर ३२० नंबरचा सँडपेपर चिकटवून, सॅडल काटकोनात धरून तळ सपाट घासतात. सॅडलखाली कागद किंवा वेनिअरची पट्टी घालून उंची वाढवलेली गिटार असेल तर सावध राहा, त्या पट्टीने दाब विस्कळीत होतो. योग्य उंचीचं नवं सॅडल हाच खरा उपाय.

चाचणी सोपी आहे. बास, मिड, ट्रेबल मधोमध ठेवा आणि प्रत्येक मोकळी तार एकाच जोराने, एकाच जागी, एकेक करून वाजवा. मग तेच पाचव्या फ्रेटवर करा. एखादी तार ठळकपणे मागे पडत असेल आणि दुकानदार सॅडल नीट बसवून द्यायला तयार नसेल तर दुसरी गिटार मागा. हा दोष मिक्सरवर सुटत नाही, कारण मिक्सर तारा वेगळ्या करू शकत नाही.

आता फीडबॅक. मंचावरची ॲकूस्टिक गिटार हा एक पोकळ डबा आहे आणि समोर, बाजूला स्पीकर आहेत. स्पीकरचा आवाज टॉपला, म्हणजे गिटारच्या समोरच्या फळीला, हलवतो, टॉप पिकअपला हलवतो, पिकअप पुन्हा स्पीकरला देतो आणि घूं सुरू होतो. मोठ्या बॉडीच्या गिटारमध्ये आतल्या हवेचा स्वतःचा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सहाव्या तारेवरचा तिसरा ते पाचवा फ्रेट. टॉपच्या फळीचा मुख्य घुमारा त्याच्या वर, साधारण २०० हर्ट्झच्या आसपास. मंचावर शिट्टीआधी जो जाड हुंकार उठतो तो जवळजवळ नेहमी या दोन जागांपैकी एकीवर असतो. म्हणून बॉडीचा आकार निवडताना हे गणित घ्या: बॉडी जितकी मोठी, खोल आणि टॉप जितका मोकळा, तितका हुंकार लवकर.

ड्रेडनॉट हा रुंद खांद्यांचा मोठा आकार मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन या विक्रेत्यासाठी बनवायला सुरुवात केली, तेव्हा गिटारमध्ये पिकअप नव्हते आणि मोठा आवाज बॉडीतूनच काढावा लागे. आज मंचावर ती गरज स्पीकर भागवतो. नुसता गळा आणि गिटार असेल, मॉनिटरचा (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज बेताचा असेल, तर ड्रेडनॉटचा भरदार तळ सुंदर लागतो. ड्रम आणि बेस सोबत असतील तर मात्र तोच तळ साउंडवाला मिक्सरवर कापून टाकतो, मग तो विकत का घ्यावा? तिथे ऑडिटोरियम किंवा कॉन्सर्ट आकाराची, किंवा ८० ते ९० मिलिमीटर खोलीची पातळ बॉडी जास्त कामाची. पातळ बॉडी खांद्यालाही सोसते, आणि उभं राहून दोन तास वाजवायचं असेल तर ही बाब लहान नाही.

फीडबॅकवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित इलाज म्हणजे साउंडहोलमध्ये बसणारं रबरी झाकण. ते हवेचा घुमारा बंद करतं. पिएझो हवेतला आवाज घेतच नसल्यामुळे स्पीकरमधल्या आवाजात फारसा फरक पडत नाही, फक्त तुम्हाला स्वतःला गिटार हळू ऐकू येते. साउंडहोलला ज्या मापाचं भोक आहे त्या मापाचंच घ्या, लंबगोल साउंडहोलला नेहमीचं गोल झाकण बसत नाही. प्रीॲम्पवर फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण असेल तर तेही वापरा: हुंकार उठला की दाबून बघा, दोनपैकी एका स्थितीत तो कमी होतो. नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टा कापणारा) असेल तर ८० ते २५० हर्ट्झमध्ये फिरवत हुंकार गायब होईल तिथे थांबवा. आणि मॉनिटर साउंडहोलच्या थेट समोर ठेवू नका, एवढ्याने निम्मं काम होतं.

लाकडाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण बजेटमधला मोठा वाटा लोक इथे खर्च करतात. सॉलिड टॉप म्हणजे एकसंध लाकडाची फळी, लॅमिनेट म्हणजे थर चिकटवलेली. मोकळ्या आवाजात सॉलिड टॉप सरस, यात वाद नाही. पण पिएझोमधून दोघांतला फरक बराच आकसतो, आणि लॅमिनेट टॉप कमी थरथरतो म्हणून फीडबॅकला उलट चांगला टिकतो. दमट हवेतून एसीच्या हॉलमध्ये नेल्यावरही तो कमी हलतो. माझं मत असं: एकच गिटार असणार असेल आणि घरी, रेकॉर्डिंगला, मंचावर तीच वाजणार असेल तर सॉलिड टॉप घ्या. फक्त कार्यक्रमांसाठी दुसरी गिटार घेत असाल तर लॅमिनेट टॉपला नाक मुरडू नका, वाचलेले पैसे डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) आणि सेटअपवर घाला. मागची आणि बाजूची लाकडं या किमतीत लॅमिनेटच असतात आणि त्याने काही बिघडत नाही. रोझवुड की महोगनी हा प्रश्न तर मंचापुरता सोडूनच द्या.

सेटअपवर थोडं थांबू. स्वस्त गिटार वाजवायला जड जाते तेव्हा गिटार वाईट असतेच असं नाही, कारखान्यातून तिची ॲक्शन, म्हणजे फ्रेटवरची तारांची उंची, जास्त ठेवून पाठवलेली असते. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा: सहावी तार २.४ ते २.८ मिलिमीटर, पहिली १.८ ते २ मिलिमीटर, ही मंचासाठी चांगली मापं. जोरात स्ट्रम करणाऱ्याने वरच्या बाजूला राहावं, नाहीतर खरखर स्पीकरमधून ठळक येते. ॲक्शनआधी नेकचा बाक बघायचा असतो. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या फ्रेटवर तार-फ्रेटमधली फट बघा. ०.१५ ते ०.३ मिलिमीटर असावी, म्हणजे एक-दोन जाड कागद जातील इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक सांभाळणारी सळई) आवळावा लागतो, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. नेक ठीक झाल्यावर उरलेली उंची सॅडलमधून काढायची, आणि बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. घासायचं तळाकडून, आणि वर सांगितलेल्या कारणाने अगदी सपाट.

नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. ती तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर ती जेमतेम सुटी असावी. फट मोठी असेल तर खुल्या कॉर्डमध्ये सूर चढतो, ट्यूनरवर मोकळी तार बरोबर दिसते आणि तरी कॉर्ड बेसूर लागते. असं झालं की ट्यूनिंगच्या खुंट्यांना दोष दिला जातो, खरा दोष नटच्या खाचेत असतो. खुंटी फिरवताना नटपाशी टिक असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकते आहे, तिथे शिसपेन्सिलीची पूड लावा किंवा खाच नीट करून घ्या.

तारांचं माप गिटार घेतानाच ठरवा आणि त्याच मापावर सेटअप करून घ्या. १२ ते ५३ च्या सेटचा (आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) एकूण ताण सुमारे ७० किलो भरतो, ११ ते ५२ चा त्याहून कमी. गायकाला साथ करताना दोन-अडीच तास बारे कॉर्ड धरायच्या असतील तर ११ चा सेट हाताला सुसह्य. एका मापावरून दुसऱ्यावर गेलात की नेकचा बाक आणि ॲक्शन दोन्ही बदलतात. नव्या तारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवा, त्याच दिवशी चढवल्या तर पहिली अर्धी मैफल सूर लावण्यात जाते.

प्रीॲम्प गिटारच्या बाजूला भोक पाडून बसवलेला असतो की साउंडहोलच्या काठाला, हे विकत घेताना बघा. बाजूचा प्रीॲम्प हाताशी असतो आणि त्यात बहुधा ट्यूनरही येतो. मात्र तो बिघडला आणि त्याच मापाचा मिळाला नाही तर भोक तसंच राहतं. साउंडहोलचे छोटे नियंत्रक दिसत नाहीत, बदलायला सोपे, पण त्यात सहसा व्हॉल्यूम आणि टोन एवढंच. ट्यूनर चालू केल्यावर बाहेरचा आवाज बंद होतो का, हे दुकानातच बघा. होत नसेल तर प्रेक्षकांना प्रत्येक वेळी ट्यूनिंग ऐकावं लागेल. बहुतेक प्रीॲम्प ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि जॅकमध्ये प्लग गेला की सुरू होतात, प्लग काढला की बंद. मध्यंतरात केबल तशीच लावून ठेवली तर बॅटरी उतरत राहते. पिशवीत एक नवी बॅटरी कायम असू द्या.

गिटार गळ्यात अडकवायच्या पट्ट्याकडे लक्ष द्या. कित्येक गिटारींत खालचं पट्ट्याचं बटण आणि जॅक एकच असतो आणि तो नेहमीच्या बटणापेक्षा जाड असतो. साध्या पट्ट्याचं भोक त्यावर अर्धवट बसतं आणि वाजवताना निसटतं. नेकच्या बुडाशी दुसरं बटण आहे का तेही बघा. नसेल तर बसवून घ्या.

आता गिटारबाहेरचा खर्च. मिक्सरपर्यंत लांब साधी केबल ओढली की घरघर आणि रेडिओचे आवाज येतात. गिटारपासून डीआय बॉक्सपर्यंत ५-६ मीटरची केबल आणि तिथून पुढे एक्सएलआर (माइकला लागते ती तीन पिनांची केबल), ही रचना ठेवा. गिटारमध्ये बॅटरीवरचा प्रीॲम्प असेल तर साधा पॅसिव्ह डीआय चालतो. प्रीॲम्प नसलेला पिएझो असेल तर मात्र ॲक्टिव्ह डीआय किंवा प्रीॲम्प पेडल हवा, ज्याचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) किमान १ मेगाओहम आहे. मिक्सरच्या लाइन इनपुटचा तो काही हजार ओहमांचाच असतो, तिथे पिएझो थेट लावला की खालचे सूर गळतात आणि आवाज पातळ, कर्कश होतो. लोक ट्रेबल कमी करत बसतात, पण गळलेला तळ ट्रेबल कमी करून परत येत नाही. घरघर राहिलीच तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. आणि इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पमधून ॲकूस्टिक वाजवू नका: त्याचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने झोपतो, तारांची चमक तिथेच मरते. गिटार पारखायलाही दुकानात पीएचा (सभागृहाच्या ध्वनियंत्रणेचा) स्पीकर किंवा ॲकूस्टिक ॲम्पच मागा.

दुकानातली परीक्षा शेवटी आवाज वाढवून करा. स्पीकरपासून एक मीटरवर उभे राहा, तारा तळव्याने न दाबता व्हॉल्यूम हळूहळू वाढवा आणि हुंकार कुठे सुरू होतो ते दोन-तीन गिटारींवर ताडून बघा. जॅकमधला प्लग हलवा, प्रत्येक नियंत्रक टोकापासून टोकापर्यंत फिरवा, खर्र आवाज आला तर नको.

नावंच हवी असतील तर यामाहा एपीएक्स ६०० ही पातळ बॉडीची, लॅमिनेट टॉपची गिटार बँडबरोबर वाजवणाऱ्याला सोयीची. मोकळ्या आवाजात ती बारीक लागते, हे आधीच मान्य करून घ्या. यामाहा एफएसएक्स ८०० सी ही सॉलिड स्प्रूस टॉपची, आकाराने आटोपशीर. एफजीएक्स ८०० सी तिचीच ड्रेडनॉट बहीण, आणि फेंडर सीडी-६० एससीई हीही सॉलिड टॉपची ड्रेडनॉट. या दोन्ही गळा-गिटार जोडीला शोभतात. पण एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत सॅडल वेगळं बसलेलं असू शकतं, म्हणून हातात घेतलेली गिटारच तपासा.

वापरलेली गिटार घेत असाल तर सॅडल ब्रिजच्या वर किती उरलं आहे ते आधी बघा. ॲक्शन उंच आहे आणि सॅडल जेमतेम दीड मिलिमीटर उरलं आहे, अशी गिटार सोडा. तिला नेक रीसेट (नेक काढून नव्या कोनात बसवणं) लागेल आणि त्याचा खर्च या वर्गातल्या गिटारच्या किमतीला भिडतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का बघा, सरकला तर ब्रिज सुटतोय. टॉपवर बोटांनी टकटक करा, आत काही खुळखुळलं तर टॉपला आतून आधार देणारी पट्टी सुटलेली आहे. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट पांढरा थर आहे का तेही बघा.

आणि सगळ्यात आधी हीच तपासणी घरच्या गिटारवर करा. नेक, ब्रिज, सॅडल यांत ती उत्तीर्ण झाली तर नवी गिटार घ्यायचीच गरज नाही. ड्रमबरोबर वाजवत असाल तर साउंडहोलमध्ये अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप घ्या, हमबकिंग प्रकारचा, म्हणजे दिव्यांची आणि डिमरची घरघर कमी. तो फीडबॅकला सगळ्यात चांगला टिकतो, मात्र आवाज थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो. ब्राँझच्या तारांवरचं वेटोळं चुंबकाला दिसत नाही, आतली पोलादी तारच दिसते, त्यामुळे पहिल्या दोन तारा मोठ्या येतात. पोलचे स्क्रू खालीवर होणारा पिकअप असेल तर त्या दोन तारांखालचे स्क्रू खाली उतरवा. शांत मैफलीसाठी ब्रिजच्या आतल्या बाजूला चिकटवायचे तीन चकत्यांचे पिकअप लाकडाचा आवाज जास्त प्रामाणिकपणे देतात. त्यांना बॅटरी लागत नाही, पण मॉनिटर मोठा झाला की तेच आधी हुंकारतात. ते बसवताना खालच्या टोकाला जॅकसाठी साधारण १२ मिलिमीटरचं भोक करावं लागतं. ते कारागिराकडूनच करून घ्या, कारण साध्या ड्रिलने तिथलं पॉलिश आणि लाकूड दोन्ही चिरतं.